रेडिओवर अक्षांश-रेखांश कसे सांगायचे: पोझिशन रिपोर्टची क्रमवार तयारी

"एटीन पॉइंट फाइव्ह नॉर्थ, सिक्स्टी नाइन ईस्ट." आरटीआरच्या (वैमानिकांच्या रेडिओ परवान्याच्या) तोंडी परीक्षेच्या तयारीला येणाऱ्या दहांपैकी निम्मे विद्यार्थी पहिल्या दिवशी स्थान असे सांगतात. नकाशावर बोट मात्र बरोबर जागी असते. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात नेमके कुठे आहोत हे त्यांना पक्के माहीत असते, पण बोललेल्या वाक्यात तीन चुका असतात: दशांश अंश वापरला, आकडे जोडून म्हटले आणि रेखांशाचा आघाडीचा शून्य गाळला. खरखरणाऱ्या एचएफवर (दूर पल्ल्याच्या रेडिओवर) हे ऐकणारा ऑपरेटर काय लिहून घेईल, याची खात्री देता येत नाही.

माझ्या अनुभवात ही चूक बोलताना क्वचितच होते. ती आधी कागदावर होते, किंवा कागदच नसतो म्हणून होते. त्यामुळे या लेखात माइकचे बटण बऱ्याच उशिरा येईल.

१. आधी ठरवा: इथे अक्षांश-रेखांश सांगायचेच आहेत का?

मार्गावरच्या बिंदूला पाच अक्षरी नाव असेल तर ते नाव सांगा आणि थांबा. नावासोबत अक्षांश-रेखांशही सांगितले की ऐकणाऱ्याला दोन वेगळे बिंदू वाटू शकतात. रडारच्या टप्प्यात नियंत्रकाने पोझिशन रिपोर्ट (स्वतःचे स्थान कळवणारा संदेश) नको असे सांगितले असेल, तर तो देऊ नका.

आकडे लागतात ते समुद्रावर किंवा निर्मनुष्य प्रदेशावर, जिथे मार्ग नावाच्या बिंदूंऐवजी अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर आखलेला असतो. आपल्याकडे किनारा सोडून दोनशे-सव्वादोनशे सागरी मैल गेले की उंचावरच्या विमानालाही व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) पुरत नाही. तिथून पुढे एचएफवर 'मुंबई रेडिओ' हे जमिनीवरचे संपर्क केंद्र असते, किंवा विमानात सोय असेल तर उपग्रहामार्फतचा डेटालिंक. डेटालिंकने स्थान आपोआप जात असेल तर सहसा आवाजी रिपोर्ट मागत नाहीत. पण तो दुवा तुटला की सगळे पुन्हा तोंडाने सांगावे लागते, आणि सराव सुटलेला असतो तो नेमका तेव्हाच.

नेमलेल्या मार्गावर रिपोर्ट प्रत्येक अनिवार्य बिंदूवर द्यायचा. नेमलेल्या मार्गाबाहेर असाल तर उड्डाणाच्या पहिल्या अर्ध्या तासानंतर शक्य तितक्या लवकर, आणि पुढे दर तासाला.

२. साचा पाठ करा: दोन-तीन, नाहीतर चार-पाच

आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोनच साचे चालतात.

फक्त अंश सांगायचे तर अक्षांशाला दोन आकडे आणि रेखांशाला तीन: १७ एन, ०६३ ई.

अंश आणि मिनिटे सांगायची तर अक्षांशाला चार आकडे आणि रेखांशाला पाच: १८३० एन, ०६९०० ई.

फ्लाइट प्लॅनमध्ये हे मधे जागा न सोडता, सलग लिहितात. अक्षांश नेहमी आधी, दिशेचे अक्षर त्या-त्या आकड्याला लागून. रेखांश १८० पर्यंत जातो, म्हणून त्याला अंशांची तीन घरे लागतात. ती तीनही घरे भरायची, आपण ६९ वर असलो तरी.

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात भारताचा विस्तार पाठ केलेला आठवत असेल: ८°४′ उत्तर ते ३७°६′ उत्तर, आणि ६८°७′ पूर्व ते ९७°२५′ पूर्व. हाच आपल्यासाठी उत्तम स्वाध्याय आहे. ८°४′ उत्तर म्हणजे ०८०४ एन. ८४ नाही आणि ८४० तर नाहीच. ६८°७′ पूर्व म्हणजे ०६८०७ ई. पुस्तकात अंश आणि मिनिटांच्या खुणा असतात म्हणून तिथे शून्याची गरज नसते. रेडिओवर त्या खुणा ऐकू येत नाहीत. तिथे अंश कुठे संपले आणि मिनिटे कुठे सुरू झाली, हे केवळ घरांच्या संख्येवरून कळते.

*तपासणी:* लिहिलेले आकडे मोजा. २ आणि ३, किंवा ४ आणि ५. तीन-चार किंवा चार-चार दिसले तर कुठेतरी शून्य पडला आहे.

उत्तर अटलांटिकवर पूर्व-पश्चिम जाताना बिंदू साधारण दर दहा रेखांशांवर असतात. तिथे अक्षांशात मिनिटे आणि रेखांशात नुसते अंश असा मिश्र उल्लेखही ऐकायला मिळतो. शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. एका बाजूला मिनिटे असतील तर दुसऱ्या बाजूलाही 'झीरो झीरो' म्हणा. त्याला एक सेकंदही पुरा लागत नाही.

३. दशांशातून मिनिटांत या

मोबाइलमधला नकाशा मुंबई विमानतळाचा रेखांश ७२.८७ असा दाखवतो. विमानाच्या नकाशावर तोच ७२°५२′ असतो. दोन्ही बरोबर आहेत. ७२.८७ ला '७२ अंश ८७ मिनिटे' म्हणणे साफ चूक आहे, आणि ती लगेच पकडलीही जाते, कारण मिनिटे ५९ च्या पुढे जातच नाहीत.

धोका आहे तो न पकडल्या जाणाऱ्या चुकीत. १८.५ अंश म्हणजे १८°३०′. घाईत कुणी १८५० लिहिले तर तो आकडा अगदी वैध दिसतो. साचा बरोबर, घरे बरोबर, पण जागा २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर उत्तरेला.

रीत सोपी आहे. पूर्ण अंश बाजूला ठेवा, दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणा आणि जवळच्या पूर्ण मिनिटावर आणा. १७.७५ चे झाले १७ आणि ०.७५ × ६० = ४५, म्हणजे १७४५.

पूर्ण मिनिटावर आणताना आणखी एक जागा फसवते. यंत्रावर १७°५९.६′ दिसले तर ते १७६० होत नाही, १८०० होते. साठावे मिनिट म्हणजे पुढचा अंश.

नेहमीच्या पोझिशन रिपोर्टमध्ये सेकंद सांगत नाहीत आणि मिनिटांचे दशांशही सांगत नाहीत. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. समुद्रावरच्या विमानांमधले अंतर राखायला इतकी बारकाई पुरेशी असते.

*इशारा:* उड्डाणापूर्वी जीपीएसची मांडणी 'अंश आणि मिनिटे' अशी लावून ठेवा. हवेत गुणाकार करायची वेळच येऊ देऊ नका.

४. सगळा रिपोर्ट क्रमाने कागदावर लिहा

एक नमुना घेऊ. मुंबईहून पश्चिम-नैर्ऋत्येला निघालेले एक कल्पित छोटे जेट, कॉल साइन (रेडिओवरची ओळख) व्हीटी-एक्सवायझेड. मार्गावरचे तीन बिंदू: १८°३०′ उत्तर ६९° पूर्व, मग १७°४५′ उत्तर ६६° पूर्व, मग १७° उत्तर ६३° पूर्व. जमिनीसापेक्ष वेग ४६० नॉट (तासाला सागरी मैल).

रिपोर्टचा क्रम ठरलेला आहे आणि ऑपरेटरच्या समोरच्या नोंदीतही तोच असतो:

१. कॉल साइन
२. आत्ताचे स्थान
३. त्या स्थानावरून गेल्याची वेळ
४. फ्लाइट लेव्हल (उंची, शेकडो फुटांत)
५. पुढचा बिंदू आणि तिथे पोहोचण्याची अंदाजे वेळ
६. त्याच्या पुढचा बिंदू, वेळेशिवाय

कागदावर ते असे दिसेल:

व्हीटी-एक्सवायझेड
१८३० एन ०६९०० ई
०४१२
एफएल ३४०
१७४५ एन ०६६०० ई, ०४३५
१७०० एन ०६३०० ई, नेक्स्ट

प्रत्येक बाब नव्या ओळीवर लिहा. एका ओळीत दाटीवाटीने लिहिलेला रिपोर्ट वाचताना डोळा वेळेवरून पुढच्या अक्षांशावर घसरतो. ०४१२ आणि १७४५ दोन्ही चार आकडी, दिसायला सारखेच. वेळेला १७४५ आणि अक्षांशाला ०४१२ म्हटलेले मी अनेकदा ऐकले आहे.

वेळ नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). वरची ०४१२ म्हणजे आपले सकाळचे ९ वाजून ४२ मिनिटे. मनगटावरच्या घड्याळातून साडेपाच तास वजा करत बसू नका. त्यातला अर्धा तास हमखास विसरला जातो. एक घड्याळ यूटीसीवर ठेवा आणि रिपोर्ट लिहिताना तेवढेच पाहा. शिवाय इथे 'मिनिट' हा एकच शब्द कोनाचाही आहे आणि वेळेचाही. म्हणून कागदावर वेळेभोवती गोल काढायची सवय लावा.

*इशारा:* आत्ताच्या स्थानाची वेळ म्हणजे बिंदू ओलांडला ती वेळ, तुम्ही बोलताय ती नव्हे. एचएफवर जागा मिळायला पाच मिनिटे लागली तरी ०४१२ ची ०४१७ करू नका.

५. आकड्याला नकाशावर ठेवून पाहा

घरे मोजणे पुरेसे नसते. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात, निघण्यापूर्वी यंत्रणेला स्थान देताना रेखांश १५१°०९.८′ पूर्वऐवजी ०१५°१९.८′ पूर्व असा भरला गेला. लिहून पाहिले तर १५१०९.८ आणि ०१५१९.८. दोन्हींत अंशांची तीन आणि मिनिटांची दोन घरे, दोन्ही पूर्व, मोजणीत एकही चूक नाही. विमानाच्या यंत्रणेने मात्र स्वतःला अकरा हजार किलोमीटरहून दूर, आफ्रिकेच्या बाजूला धरले. उड्डाणानंतर दिशादर्शन बिघडले, सिडनीत हवामानामुळे परतता आले नाही आणि विमान मेलबर्नला उतरवावे लागले.

म्हणून लिहिल्यावर दोन प्रश्न विचारायचेच.

पहिला: हा आकडा मी जिथे आहे त्या भागातला आहे का? मुंबई साधारण १९ उत्तर, ७३ पूर्व. गोवा १५ उत्तर, ७४ पूर्व. पश्चिमेला जाताना रेखांश कमी होत जाणार. ६९ नंतर ७६ आला तर आपण समुद्रावरून उलटे फिरून दख्खनच्या पठारावर आलो!

दुसरा: अंतर आणि वेळ जुळते का? नमुन्यातल्या पहिल्या दोन बिंदूंत अक्षांशाचा फरक ४५ मिनिटे, म्हणजे ४५ सागरी मैल. रेखांशाचा फरक ३ अंश, म्हणजे १८० मिनिटे. विषुववृत्तावर ते १८० मैल झाले असते, पण १८ अंश उत्तरेला रेखावृत्ते थोडी जवळ आलेली असतात, म्हणून सुमारे १७१. तिरके अंतर साधारण १७७ मैल. ४६० नॉटने २३ मिनिटे. ०४१२ मध्ये २३ मिळवले की ०४३५. जुळले. इथे ५३ मिनिटे आली असती तर वेळ चुकली किंवा बिंदू चुकला, आणि दोन्ही गोष्टी बोलण्यापूर्वीच कळल्या असत्या.

*इशारा:* संगणकातल्या संक्षिप्त नावांवरून रिपोर्ट वाचू नका. उत्तर अटलांटिकवर '५२५०एन' म्हणजे ५२ उत्तर ५० पश्चिम, तर 'एन५२५०' म्हणजे ५२°३०′ उत्तर ५० पश्चिम. अक्षर पुढे की मागे एवढाच फरक, आणि जागा तीस सागरी मैल वेगळी. पडद्यावर त्या बिंदूचे पूर्ण अक्षांश-रेखांश उघडा आणि ते फ्लाइट प्लॅनशी ताडा. शक्य असेल तिथे एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ताडायचे.

६. आकडे सुटे म्हणा

प्रत्येक आकडा वेगळा. 'सिक्स्टी नाइन' नाही, 'झीरो सिक्स नाइनर'. उच्चारही ठरलेले: ३ ला 'ट्री', ४ ला 'फोअर', ५ ला 'फाइफ', ९ ला 'नाइनर'. फाइव्ह आणि नाइन खरखरीत एकसारखे ऐकू येतात, म्हणून ९ ला शेवटी 'र' जोडलेला आहे.

आपल्या तीन सवयी इथे नडतात.

फोन नंबर सांगताना आपण सर्रास 'डबल झीरो', 'ट्रिपल फाइव्ह' म्हणतो. रेडिओवर ते बंद. 'झीरो सिक्स नाइनर डबल झीरो' ऐकणाऱ्याला पाच घरे मोजता येत नाहीत.

शून्याला 'ओ' म्हणायची सवयही तशीच. ती सोडा, 'झीरो' म्हणा.

तिसरी सवय खास मराठीची आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आपण मनात मराठीत मोजतो, आणि मराठीत एकक आधी येतो: सत्तावन्नमध्ये सात आधी, पन्नास नंतर. त्यातून ५७ चे ७५ होते. एकोणसत्तर तर आणखी फसवा, कारण कानावर 'सत्तर' पडते आणि हात ७ लिहायला जातो. ६९ पूर्वचा ७९ पूर्व झाला की अरबी समुद्रातले आपल्या नमुन्यातले विमान कागदावर तेलंगणात पोहोचते. म्हणून कागदावरचा आकडा मनातल्या मनातही जोडून वाचू नका. सहा, नऊ. एक, आठ, तीन, शून्य. बारामती, धुळे, गोंदियाकडे शिकणाऱ्या मुलामुलींना मी हाच सराव सांगतो: आठ दिवस मोटारींचे नंबर सुटे वाचत जा.

दिशा अक्षांशानंतर आणि रेखांशानंतर लगेच म्हणा. भारतात सगळे उत्तर आणि पूर्वच असते, म्हणून ती गाळायची सवय लागते. मग कुणी सेशेल्सला जाते. माहे विमानतळ ४°४०′ दक्षिणेला आहे. तिथे 'साउथ' गाळले तर ऐकणारा साडेपाचशे मैल उत्तरेचा बिंदू धरेल.

७. आता बटण दाबा

आधी ऐका. दुसरे विमान रिपोर्ट देत असेल तर त्याचा रीडबॅक (ऑपरेटरने तोच रिपोर्ट परत वाचून दाखवणे) संपेपर्यंत थांबा. त्याचे बोलणे संपले म्हणून मधेच घुसणे चूक आहे, कारण ऑपरेटरचे उत्तर अजून यायचे असते.

पहिली हाक छोटी ठेवा (व्हीटी-एक्सवायझेड ही अक्षरे रेडिओवर अशी म्हणतात): "मुंबई रेडिओ, व्हिक्टर टँगो एक्सरे यँकी झुलू, पोझिशन." सोबत कोणत्या फ्रीक्वेन्सीवर बोलताय तेही सांगा, कारण ऑपरेटर एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी ऐकत असतो. 'पोझिशन' या शब्दाने त्याला कळते की आता कोणत्या क्रमाने लिहून घ्यायचे आहे.

त्याने पुढे बोलायला सांगितले की:

"व्हिक्टर टँगो एक्सरे यँकी झुलू, पोझिशन, वन एट ट्री झीरो नॉर्थ, झीरो सिक्स नाइनर झीरो झीरो ईस्ट, झीरो फोअर वन टू, फ्लाइट लेव्हल ट्री फोअर झीरो, एस्टिमेटिंग वन सेव्हन फोअर फाइफ नॉर्थ, झीरो सिक्स सिक्स झीरो झीरो ईस्ट, झीरो फोअर ट्री फाइफ, वन सेव्हन झीरो झीरो नॉर्थ, झीरो सिक्स ट्री झीरो झीरो ईस्ट, नेक्स्ट."

स्वल्पविराम आहे तिथे छोटा श्वास घ्या. मिनिटाला शंभर शब्दांहून जास्त वेग नको. समोरचा माणूस ऐकत नाही, लिहीत असतो. आकड्यांच्या आधी 'अॅट', 'टू', 'फॉर' हे जोडशब्द टाकू नका. ते ८, २ आणि ४ सारखे ऐकू येतात. 'डिग्रीज' आणि 'मिनिट्स' म्हणायचीही गरज नाही, साचा ते काम करतो.

बोलताना चुकलात तर अडखळत मागे जाऊ नका. 'करेक्शन' म्हणा आणि ती बाब पूर्ण पुन्हा सांगा. 'करेक्शन, फोअर फाइफ' एवढेच म्हटले तर ४५ कशाचे, हे कळत नाही. 'करेक्शन, वन सेव्हन फोअर फाइफ नॉर्थ' असे म्हणा.

८. रीडबॅक बोट ठेवून ऐका

ऑपरेटर सगळा रिपोर्ट वाचून दाखवेल. माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. बोलून झाले की हुश्श वाटते, हात दुसऱ्या कामाला लागतात आणि रीडबॅक संपल्यावर सवयीने होकार जातो.

कागदावर बोट ठेवा आणि प्रत्येक आकड्यासोबत पुढे सरकवा. तो ऑपरेटर बहुधा नियंत्रक नसतो. तुमचा रिपोर्ट तो नियंत्रकाकडे पाठवतो, आणि त्याने लिहिलेला चुकीचा आकडा पुढे कुणालाच चूक म्हणून दिसत नाही.

चूक ऐकू आली तर 'नेगेटिव्ह, आय से अगेन' म्हणा आणि ती बाब पूर्ण सांगा. मग त्या बाबीचा पुन्हा रीडबॅक घ्या.

*तपासणी:* पुढच्या बिंदूची वेळ त्याने काय वाचली? स्थान बरोबर आणि वेळ चुकीची, हा प्रकार जास्त घडतो, कारण तोपर्यंत लक्ष ढिले पडलेले असते.

९. अंदाज बदलला तर

वारा बदलला आणि पुढच्या बिंदूची वेळ दोन मिनिटांहून जास्त सरकली, तर सुधारित वेळ लगेच कळवा. त्या भागासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली असेल तर ती पाळा. पूर्ण रिपोर्ट लागत नाही: कॉल साइन, सुधारित अंदाज हे शब्द, बिंदू आणि नवी वेळ. इथेही बिंदू पूर्ण नऊ आकड्यांत.

१०. संकटात हेच आकडे

मेडे संदेशात स्थान येते ते कॉल साइन, अडचणीचे स्वरूप आणि तुमचा इरादा यांच्यानंतर, लेव्हल आणि दिशेच्या आधी. साचा तोच, चार-पाच. वेळ मिळाला तर स्थान दोनदा सांगा. मिनिटात चूक झाली तर शोध घेणारे मैल-दोन मैल इकडेतिकडे पाहतील. अंशात झाली तर शंभराहून जास्त किलोमीटर लांब जातील.

समुद्रात उतरावे लागले तर पुढचा संवाद तटरक्षक दलाशी किंवा जवळच्या जहाजाशी असू शकतो. तिथे अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश अशी मांडणी सर्रास वापरतात. हातातले छोटे जीपीएस सेकंद दाखवत असेल तर इथे घोटाळा होतो. १८°३०′४५″ म्हणजे १८°३०.७५′. तो १८°३०.४५′ असा वाचला तर जागा साडेपाचशे मीटरने चुकते. लाटांमध्ये माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून दिसत नाही. म्हणून लाइफ राफ्टच्या पिशवीत ठेवायच्या जीपीएसची मांडणी जमिनीवर असतानाच दशांश मिनिटांवर लावा. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून, न पुसणाऱ्या पेनाने तसे लिहून ठेवा. ते यंत्र वाचणारे कदाचित तुम्ही नसाल.